गोठ्यातली संगमरवरी पाटी

मु. नाचणगाव, ता. १२ डिसेंबर १९७९

तीर्थस्वरूप चंद्रभानदादांस, आतेभाऊ रूपरावचा साष्टांग नमस्कार. तुमचा रक्तदाब कसा आहे? वहिनी अजून मीठ मोजूनच देतात का? इकडे सगळे खुशाल, म्हैस सोडून.

झाले असे. जिल्ह्यातला पहिला वीज-इंजिनिअर, दोनशे गावांत तारा नेणारा माणूस, म्हणजे तुम्ही, जन्मला कुठे, ते पाहायला गौरव समितीचे मधुकरराव पाच जणांना घेऊन आले. (चहा आठ कप गेला, दोघे नुसते वास घेत आले होते.) ओट्यावर चपला काढताना त्यांची कुजबुज मी ऐकली : जन्माची खोली सापडली की रिकामी करून कुलूप लावायचे. आता तुम्ही माजघरात जन्मलात हे मला ठाऊक. पण मामांकडून मी गिरणीच्या कमाईवर घेतलेल्या या घरात माजघर तेवढे गळत नाही, आणि माझा पलंग तिथेच. मी हात जोडून मंडळींना सरळ मागच्या गोठ्यात नेले. वाटले, शेण पाहून परततील. तर मधुकररावांचे डोळेच भरून आले. म्हणाले, "पाहा, शेणातून उजेड निघाला!" (तो गोबर गॅस, पण सांगणार कोण.) लहानपणी तुम्ही सायकलचा डायनामो खोललात म्हणून मामांनी हाणलेली चप्पलही त्यांना हवी होती. मी माझीच जुनी दिली.

आठ दिवसांत गोठ्याला चुना, संगमरवरी पाटी, ट्यूबलाइट, पंखा. शाळेची पोरे परीक्षेआधी तिथली माती कपाळाला लावून जातात. म्हैस ओसरीवर आली आणि माझ्या ताटात डोकावू लागली. कौशल्या म्हणते, "इंजिनिअरले गोठ्यात धाडाचं अन् म्हशीले घरात आणाचं, हे कोनं शिकवलं तुमाले? म्हैस राहीन नाईतर मी. चालली मी माहेरी, आंजीले!" तिची पेटी भरून तयार आहे.

ता. क. : म्हणून समितीला एक कार्ड टाका की तुमचा जन्म आजोळी, पवनारला झाला. पाटी तिकडे जाईल, म्हैस गोठ्यात, कौशल्या घरात.

आणखी ता. क. : पत्र टाकायला निघालो तर वाटेत देवकाबाई भेटली. (आपल्या दोघांची सुईण. दात गेले, आठवण शाबूत.) पाटीचे ऐकून खो खो हसली. "अरे रूपराव, त्या गोठ्यात तं तूच झालता! तुही माय माहेरी आलती, घर कापसानं भरलं होतं, म्हून गोठ्यात खाट टाकली."

दादा, कार्ड टाकू नका. कौशल्येला आत्ताच आंजीच्या एसटीत बसवून आलो. येताना पाटीला एक हार आणला.