तुला काय कमी आहे?

शिरूर अनंतपाळ
१९ जानेवारी २०२५

माझ्या सत्यमला आईचा भरभरून आशीर्वाद. सूनबाई आरतीला बी तितकाच.

इकडं मी बरी हाय. थंडी लई पडलीय. शेजारच्या दानम्माच्या शेतात हुरडा आलाय. आरतीसाठी तिळाच्या पोळ्या पाठवल्यात, मिळाल्या का? तू अंगणात बसवलेला कॅमेरा नीट चालतो. परवा त्याच्यावर चिमणी बसली होती.

फोनवर तू गडबडीत असतोस, म्हणून लिहून राहिले. त्या दिवशी मी म्हणलं, ‘बाळा, मला एकटीला करमंना.’ तू म्हणालास, ‘आई, तुला काय कमी आहे? सगळं तर आहे. नाहीतर पुण्याला ये.’ तू रागानं न्हाई बोललास, ठावं हाय मला. पण तो सवाल माझ्या मागंच लागला. भाकरी थापताना बी तोच.

फ्रिज हाय, कपडे धुवायचं मशीन हाय, दवाखान्याचं कार्ड हाय. तू राबतोस म्हणून हाय. त्याला मी नावं ठेवणार न्हाई. पण सत्यम, तुझे अप्पा गेल्यापासून कधी कधी अख्खा दिवस माझ्या तोंडातून शब्द निघत न्हाई. एकदा सांजच्याला दानम्मानं हाक मारली, मी ‘ओ’ दिली तर आवाज घोगरा आला. मलाच वाटलं, हे कोण बोललं? पुण्यात बी येऊन बघितलं. तुम्ही दोघं कामाला गेलात की तिथं बी तेच. खिडकी तेवढी मोठी.

आता एक सांगते, रागावू नको. दिवाळीनंतर मी मोतीबिंदूचं आपरेशन करून घेतलं, लातूरला. तू पुण्यात करू म्हणत होतास, पण तुला रजा मिळंना अन् मला भाजीतला खडा दिसंना. दानम्मा संगं होती. डोळा आता झकास हाय.

तिथं माझ्या शेजारच्या बाकावर एक गृहस्थ होते. माझ्या उजव्या डोळ्याला पट्टी, त्यांच्या डाव्या. दानम्मा गोळ्या आणायला गेली होती अन् मला चहाची तलफ आली. रस्त्यापल्याड टपरी. ते म्हणाले, ‘बाई, तुमी त्या अंगाची गाडी बघा, मी या अंगाची बघतो. दोघांचे मिळून दोन डोळे हायतच की!’ अन् आम्ही खरंच रस्ता पार केला. चहा पिताना मी इतकी हसले की नर्सबाई दारातून ओरडली, पट्टी हलंल म्हणून.

त्यांचं नाव अण्णाराव. मूळचे हदगावचे, एसटीत ड्रायव्हर होते. बायको वारली. आता लातूरला लेकीकडं, तनुजाकडं राहतात. शाळेत शिकवते ती.

डोळा दाखवायला गेले की ते भेटायचे. मग फोन करू लागले. ‘आज काय केलंत?’ मी म्हणायची, ‘वांगं.’ एवढ्यावर माणूस गप बसतो. हे पुढं इचारायचे, ‘कसं झालं होतं?’ सत्यम, वांगं कसं झालं हे मला किती दिवसांत कुणी इचारलं नव्हतं!

मागं दानम्मानं त्यांना अन् तनुजाला शेतावर बोलावलं होतं. बांधावर बसून अण्णाराव म्हणाले, ‘बाई, सरळ बोलू का? सगळी नोकरी गाडीभर माणसं घेऊन फिरलो, पण माझ्या केबिनीत मी एकटाच. आता कुणाच्या तरी शेजारी बसावं वाटून राहिलं. तुमची मर्जी असंल तर रीतसर लग्न करू.’

मी उठूनच आले. दोन दिवस फोन उचलला न्हाई. तुझ्या अप्पांच्या फोटोसमोर बसले अन् रडले. मग दानम्मा म्हणाली, ‘अक्का, तू रडून राहिलीस खरं, पण नाही म्हणायला कुठं गेलीस?’

तिसऱ्या दिवशी मी फोन लावला. म्हणलं, ‘आमच्या घरातला यांचा फोटो निघणार न्हाई.’ ते म्हणाले, ‘काढायचा कशाला? माझ्या मालकिणीचा बी मी घेऊन येतो. दोघांना एकच हार आणत जाऊ.’

मी हो म्हणलं, बाळा.

नोटीस लागलीय. सात फेब्रुवारीला लातूरच्या विवाह नोंदणीच्या हापिसात जायचं हाय. ते इथं आपल्या घरी राहायला येतील. तुझं काही कमी होणार न्हाई, घर तुझंच हाय.

लोक काय बोलतील ते मी रोज मनात ऐकून घेते. तुला मान खाली घालावी लागंल का, हे एवढंच सोसवत न्हाई. पण तू इचारलंस म्हणून सांगते. मी काही बोलावं अन् कुणी ‘काय म्हणालात?’ म्हणून मान वळवावी, हे कमी होतं. ते असलं की साधं पिठलं बी भरल्या ताटासारखं लागतं.

तू ये. न्हाई आलास तर मला लई रडू येईल. पण मी जाईन.

पहिल्यासारखीच तुझी,
आई


शिरूर अनंतपाळ
१२ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव सत्यम,

सुखरूप पोचलास हे आरतीनं कळवलं. त्या दिवशी गर्दीत तुझ्याशी धड बोलता आलं न्हाई.

पत्रानंतर तुझा फोन न्हाई, काही न्हाई. मी आस सोडली होती. नवं लुगडं नेसले, गाडीत बसले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. हापिसात तिसरा साक्षीदार लागत होता, अन् दानम्माचे मालक नागप्पा काही आलेच न्हाईत. तेवढ्यात दारातून तुझा आवाज आला, ‘मी सही करतो.’ तनुजानं माझे दोन्ही हात धरून ठेवले.

कारकुनानं मान वर न करता इचारलं, ‘वधूचे कोण?’

तू म्हणालास, ‘मुलगा.’

त्यानं तुझ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तू परत म्हणालास, ‘मुलगा आहे मी त्यांचा. लिहा.’ अण्णारावांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला तर काही दिसतच नव्हतं.

बाळा, घरात मी बापाची लेक होते, मग कुणाची बायको, मग तुझी आई. त्या दिवशी माझ्या मर्जीवर सही करून तू मला माणूस म्हणून उभी केलीस. याहून जास्ती माझ्याकडं कधी काही नव्हतं.

भरून पावलेली,
तुझी आई कस्तुराबाई