उपाशी पाणी आणि आजींचा बंब

तीर्थरूप मामांना, नाशिकहून जावई हर्षलचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे (आत्याचे केस सोडून, ते पुढे येईलच). मामींचा गुडघा कसा आहे? लासलगावला उकाडा फार असेल. फोनवर बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून पत्र.

धोंड्याच्या महिन्यात आपण मला आपल्या आईचा तांब्याचा बंब दिलात. आत तुमच्या विहिरीच्या पाण्याचा पांढरा थर इतका जाड होता की मला राहवेना. चिंच लावून लावून तो पार घासून काढला आणि ठरवलं, आता यात क्षाराचा कण जाऊ द्यायचा नाही. आमच्या अंबडच्या कंपनीत मशीनसाठी डीआयनाइज्ड पाणी बनवतात, म्हणजे सगळे क्षार काढून घेतलेलं, अगदी सोवळ्यातलं. साहेबांना विचारून रोज स्कूटरवर दोन कॅन आणू लागलो. वेदिका म्हणाली, अहो, आंघोळीचं पाणी आहे की तीर्थ? (आपली लेक कशी बोलते, आपल्याला ठाऊकच आहे.)

मग टॉवेलवर निळसर डाग पडू लागले. मी साबणाला दोष दिला. पण आमच्याकडे राहायला आलेली माझी शकुबाई आत्या परवा न्हाऊन उन्हात केस वाळवायला बसली, तर पांढरेशुभ्र केस पोपटी! (शेजारीण म्हणाली, शेड छान आहे. आत्या तिच्याशी बोलत नाही.) कंपनीतल्या केमिस्ट शुभांगी मॅडम म्हणाल्या, अहो, हे पाणी उपाशी असतं, तापवलं की भांड्याचं तांबंच खातं, आणि तेच केसांवर हिरवं बसतं. जुना थर बंबाला सांभाळत होता, तो तुम्ही काढलात. खरं सांगतो मामा, त्याच दिवशी कॅन आणणं बंद केलं.

पुढच्या रविवारी येऊन आईच्या बंबातल्या पाण्यानं आंघोळ करणार, असं आपण म्हणाला होता. पण ऊन फार आहे, प्रवासाची दगदग होईल. पावसाळ्यानंतर निवांत यावं, ही विनंती.

आपला,
हर्षल

ता. क. बंब बुडाशी ठिपकतोय. बारीक भोक जुनंच होतं, थरानं बुजलेलं. तांबट डाग देऊन भोक बुजवेल, पण थर कुठून आणू? लग्नात तुमच्या विहिरीच्या पाण्याला नाकं मुरडून मी बाटलीचं पाणी मागितलं होतं. त्याच विहिरीचे चार कॅन कुणाबरोबर तरी पाठवा ना.

ता. क. आप्पा, मी वेदिका. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय. तुम्ही रविवारीच या, कॅन स्वतः घेऊन या. हे रोज बंबावर हात ठेवून 'आजी, चुकलं' म्हणतात, मला बघवत नाही. आंघोळ मात्र नळाच्या पाण्यानं करा. तुमच्या मिशा पांढऱ्याच बऱ्या दिसतात.