सगळी झाकणं पिवळी

मंगळवार, सकाळी ऑफिसला निघण्याआधी

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. तू माझा फोन उचलत नाहीस, आणि वहिनीच्या फोनवर केला की नेमका अंघोळीला गेलेला असतोस. इतक्या अंघोळी करणारा माणूस सांडपाण्याच्या केंद्रावर शोभतो खरा. म्हटलं, पत्रच लिहावं. पत्राला ‘अंघोळीला गेलेत’ म्हणून परत पाठवता येत नाही.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तोंड ठणठणीत. माझ्या धाकट्याचा पुढचा दात पडला. तो मामाला दाखवायचा म्हणून काडेपेटीत ठेवलाय आणि मामा कधी येणार म्हणून डोकं खातोय.

आता तुझ्या जिवाला घोर लावणारी गोष्ट. आधी शेवट सांगते, कारण तुला दम निघणार नाही. तुमच्या केंद्राचा नदीत पाणी सोडायचा परवाना शाबूत आहे. नोटीस मागे घेतली. नव्या नमुन्यात अमोनिया मर्यादेच्या बराच खाली आला. तुझ्या नोकरीवरची गदा टळली, दादा. तसा कागद तुमच्या साहेबांकडे जाईल, पण त्यांच्या टेबलावरून तुझ्यापर्यंत यायला त्याला किती वाटा तुडवाव्या लागतात ते मला माहीत आहे, म्हणून मीच कळवते.

चूक काय झाली ते ऐक आणि मग स्वतःच्या कपाळावर हात मार. सख्खं माणूस जिथे कामाला आहे तिथला नमुना आम्ही घ्यायचा नाही, हा आमच्या प्रदूषण मंडळाचा नियम. म्हणून तुमच्याकडे आमचे नमुने गोळा करणारे बाटलीकाका आले. काका वर्षानुवर्षं तुमचं पिवळं झाकण उघडतात, कारण नदीत पाणी पडायच्या आधीचं ते शेवटचं चेंबर. बाकीची सगळी झाकणं काळी. पण मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून कुणा टापटिपीच्या भोक्त्याने उरलेला पिवळा रंग बाकीच्या झाकणांनाही फासला. कोण तो, मी नाव घेत नाही. काकांना गेटमधून आत आल्यावर पहिलं पिवळं झाकण दिसलं, त्यांनी ते उघडलं, बाटली भरली, सील केली. ते चेंबर मधल्या टाकीचं. पाण्यावरची शेवटची प्रक्रिया अजून व्हायचीच होती. अर्धा कच्चा भात चाखून स्वयंपाकाला नावं ठेवावीत, तसं झालं.

तू तेव्हा ओरडून सांगत होतास की पाणी चांगलं आहे. मी काही बोलले नाही. त्याचाच तुला राग आला ना? मी काय बोलणार होते, दादा? बहीण भावाची बाजू घेते म्हटल्यावर तुझ्या खऱ्यालाही कुणी खरं म्हटलं नसतं.

मग गेल्या आठवड्यात फायलीतला फोटो पाहिला. काका प्रत्येक नमुन्याच्या जागेचा फोटो काढतात. झाकणाच्या मागे कठड्यावर तुझा निळा पंचा वाळत होता. तुला डबा द्यायला मी इतकी वर्षं येते, तो पंचा मधल्या टाकीच्या कठड्यावर असतो हे मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? उठले आणि आमच्या वरिष्ठ मॅडमकडे गेले. म्हटलं, “मॅडम, मी त्याची बहीण आहे, माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण एकदा स्वतः जाऊन ती टाकी बघा.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “गाडी काढायला सांगा.” बाटलीकाका बिचारे शरमले. त्यांच्यावर डाफरू नकोस.

इथे पत्र संपवता आलं असतं. चहाही निवून गेला. पण राहवत नाही.

तू वहिनीला विचारलंस म्हणे, की ही तपासणी आमच्यामागे लावली कुणी. वहिनी म्हणाली, नदीकाठच्या कुणीतरी तक्रार केली असेल. तसं कुणीच केलं नव्हतं. मी लावली.

पुलावरून येताना तुमच्या पाइपाखाली फेस दिसला. एकदा दिसला, दुर्लक्ष केलं. परत दिसला. घरी येऊन पोळ्या करायला घेतल्या आणि दोन करपवल्या. दुसऱ्या कुणाचा पाइप असता तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं. तुझा होता म्हणून मी उशीर लावत होते, आणि ते लक्षात आलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. सकाळी मॅडमना सांगितलं.

फेस खरा होता. फक्त तुमचा नव्हता. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीने आपलं पाणी पावसाळी गटारात सोडून दिलं होतं, आणि ते गटार तुमच्या पाइपाला खेटून नदीत उघडतं. पाणी कुठे निघतं ते बघायला काल आम्ही त्यांच्या मोरीत हिरवा रंग ओतला. मी पुलावर उभी होते. थोड्या वेळाने गटारातून हिरवंगार पाणी आलं आणि शेजारी तुमच्या पाइपातून स्वच्छ. मी पुलाचा कठडा धरून रडले, दादा. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत म्हटलं. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

उद्या परत तुमच्या पाइपाखाली फेस दिसला तर मी परत सांगेन. हे तुला आधीच माहीत असलेलं बरं. तरी रविवारी येते. काडेपेटीतला दात घेऊन येते. तेव्हा अंघोळ सकाळीच उरकून घे.

तुझ्यावर तपासणी लावणारी आणि तुझ्या पाण्यासाठी पुलावर रडणारी,
तुझीच धाकटी


गुरुवार

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून तुझा राग आला, तो संध्याकाळपर्यंत टिकला. दुसऱ्यांदा तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचलं, तेव्हा पंच्यावर आल्यावर ती इतकी हसली की पुढचं तिला वाचता येईना. मग मलाच वाचावं लागलं.

सगळी झाकणं परत काळी केली. शेवटचं तेवढं पिवळं ठेवलंय. हात अजून काळे आहेत.

बाटलीकाकांना म्हणावं, कधीही या, न कळवता या. झाकण मी स्वतः उघडून देतो.

रविवारी जेवायलाच ये. दार उघडंच असेल.

दादा