रिकाम्या क्रुसाखालची जागा

लातूर, जिल्हा लातूर
नोव्हेंबर अखेर

रा. रा. व्यंकटराव यांस,

शेषेरावाचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि. तुम्ही माझ्या सिंधूचे थोरले भाऊ, तेव्हा खरं तर तीर्थस्वरूप लिहायला पाहिजे; पण तीर्थ आम्हा प्रॉटेस्टंटांत नाही. तुम्हा कॅथलिकांत आहे, चर्चच्या दाराशी वाडग्यात ठेवलेलं असतं (यंदा ते वाडगंही कोरडं पडलं असं कानावर आलं. त्याचा आनंद मानू नये एवढं ख्रिस्तीपण माझ्यात अजून शिल्लक आहे). म्हणून नुसता सलाम घ्यावा. वहिनींचा संधिवात कसा आहे? मुदखेडला स्टेशनच्या नळाला तरी पाणी येतं का? माझं म्हणाल तर मी जेवतो, झोपतो आणि आमच्या चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी या नात्यानं मीटिंगा भरवतो. उत्तर पाठवाल तेव्हा पत्त्यात जिल्हा लातूरच लिहा. तुम्ही सवयीनं उस्मानाबाद लिहिता आणि पत्र तिकडे मुक्काम करून येतं.

पत्राचं कारण तुमची बहीण. ती गेली तेव्हा तुम्हाला तार उशिरा मिळाली. तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात, कबरीपाशी उभे राहिलात, क्रुसाची खूण केलीत आणि आमच्या पाळकसाहेबांकडे न बघता निघून गेलात. ती कबर चुकीच्या जागी आहे हे तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आता तिला तिथून उकरून दुसरीकडे न्यावं असा ठराव आमच्या मंडळीनं केला आहे, आणि तो लिहून मी काढला आहे. हे कसं झालं ते सविस्तर लिहितो. रागवायचं असेल तर सगळं वाचून रागवा.

वेगळा जिल्हा झाला तेव्हा लातुरातल्या प्रत्येकाला वाटलं, आता आपल्याला काहीतरी मोठं मिळणार. आम्हा ख्रिस्ती लोकांना स्मशानभूमी मिळाली. गावाबाहेरचा मुरमाड तुकडा, आणि तोही तुम्हा कॅथलिकांना नि आम्हाला मिळून एकच. आम्ही सरकारी कचेरीत तक्रार घेऊन गेलो, तर तिथल्या साहेबांनी विचारलं की तुमच्यात नेमका फरक काय. मी जन्माचा मास्तर, कुणी विचारलं की सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोपसाहेब सांगितले, मरियाबाई सांगितल्या, संत सांगितले. दहा आज्ञा दोघांच्याही दहाच असल्या तरी तुम्ही मूर्तीची आज्ञा पहिलीच्या पोटात घालता आणि शेवटचीचे दोन तुकडे करून बेरीज जमवता, हेही सांगितलं. साहेबांनी चहा संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे जिल्हा एकच हाय, तालुके दोन. मग घ्या की वाटून." घेतलं वाटून. मधे फक्कीची रेघ मारली, ती शेळ्यांनी आठवडाभरात पुसली. ओळख राहावी म्हणून दोन्ही टोकांना एकेक क्रूस रोवला. तुमच्या क्रुसावर प्लास्टरचा प्रभू, खिळ्यांसकट आणि लाल रंगासकट. आमचा रिकामा, कारण प्रभू उठला, तो आता तिथं नाही. या रिकामेपणावर मी आयुष्यभर भाषणं दिली आहेत. तुम्ही ती लग्नाकार्यात ऐकली आहेत आणि ऐकताना जांभया दिल्या आहेत.

मग हा दुष्काळ आला. पाऊस नाही, चारा नाही, सरपण नाही. आमचा रिकामा क्रूस चांगल्या वाळलेल्या बाभळीचा होता. तो कुणीतरी चुलीत घातला. आम्हाला पत्ता नव्हता, कारण आमच्यातलं बरेच दिवस कुणी मेलं नव्हतं, आणि मेल्याशिवाय आमच्यातलं कुणी तिकडे फिरकत नाही. तुमच्या क्रुसाला मात्र कुणी हात लावला नाही. प्रभू लटकलेला असताना लाकूड मोडायची हिंमत कुणाची होणार? (प्रतिमा ठेवण्याचा एवढा एक फायदा मी मान्य करतो. लेखी मागू नये.) पण उन्हानं प्लास्टर तडकलं, म्हणून फादरनी मूर्ती उतरवून नांदेडला दुरुस्तीला पाठवली. अशा रीतीनं सगळ्या मैदानात क्रूस उरला एक, आणि तो रिकामा.

अशात सिंधू गेली. मी मजूर नरसिंगला खड्डा खणायला पाठवताना एकच वाक्य बोललो, की रिकामा क्रूस बघ आणि त्याच्या पायाशी खण. नरसिंगनं तेच केलं. त्याला बोल लावता येत नाही, ज्ञान माझं होतं. मुरूम असा तापला होता की टिकाव उडून परत यायची. दुपारी आम्ही पोचलो तेव्हा पाळक दगडोबासाहेबांना तो क्रूस बघून उत्साह आला. त्यांनी तुमच्या क्रुसाकडे बोट करून, आमच्या शुद्ध शिकवणुकीचं हे प्रतीक बघा, इथं मूर्ती नाही, माणसाच्या हातचं काही नाही, असा उपदेश केला. मी माझ्या बायकोच्या पेटीशेजारी उभा राहून मान डोलावली.

पुढचं तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. पाण्याच्या रांगेत सिंधूच्या पुढेमागे उभी राहणारी तुमच्यातली गौरम्मा आणि तिच्या घरचे लोक आले होते (जागा आपली आहे हे त्यांनी ओळखलं असणार, पण मयताच्या वेळी जागेवरून कोण बोलणार?). दोर धरायला माणसं कमी, म्हणून तिच्या दोन मुलांनी डोक्याकडचा दोर धरला, पायाकडचा आमच्या दोघांनी. प्रभूची प्रार्थना संपून आमेन झालं की दोर सोडायचा हे ठरलेलं. आता तुमची प्रार्थना 'वाइटापासून सोडव' इथं संपते. तुमच्या पोरांनी आमेन म्हटलं आणि दोर सोडला. आमची पुढं चालू असते, राज्य, पराक्रम व गौरव. आणि ऐकायला कॅथलिक असले की हे तीन शब्द आम्ही जरा जास्तच जोरात म्हणतो. तेव्हा डोक्याकडून सिंधू खाली गेली, पायाकडून वरच राहिली, आणि आमचं गौरव होईपर्यंत तशीच उभी तिरकी राहिली. जन्मभर ती कुणाच्या भांडणात पडली नाही. जाताना तिला दोन पंथांनी दोनदा सोडलं. लोक तोंडाला पदर लावून हसत होते की रडत होते, मी बघितलं नाही. मी जोरात आमेन म्हटलं.

पावसाळा कोरडा गेला. त्यातच नांदेडहून दुरुस्त झालेला प्रभू परत आला, क्रुसावर चढला, आणि दगडोबासाहेब सायकलवरून जाताना बघतात तर सेक्रेटरीची बायको मूर्तीच्या पायाशी. त्या दिवसापासून मंडळीत दुसरा विषय नाही. टँकर आला नाही तरी चालेल, पण सिंधूबाई इकडे आल्या पाहिजेत. तुमच्याकडचे तरी शहाणे असतील म्हटलं, तर तुमच्या कमिटीच्या माणसानं तिला लगेच आपल्यात मोजून टाकलं. यंदा आपल्यात एक वाढली म्हणे. मेलेली माणसं वाढीत धरायची कल्पना मला नवीन होती. फादर मात्र म्हणाले, राहू द्या, त्या आमच्या पाहुण्या आहेत. मी त्यांच्याशी भांडायची पूर्ण तयारी करून गेलो होतो, वचनं पाठ करून. भांडण न करणाऱ्या माणसाचा मला फार संताप येतो.

आता जे लिहितो ते दगडोबासाहेबांना कळता कामा नये. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नाही ही आमची शिकवण. माणूस गेला, प्रभूजवळ पोचला, आता त्याच्यासाठी काही मागणं म्हणजे प्रभूच्या कामात लुडबूड. हे मी कितीतरी घरांत, रडणाऱ्या बायांपुढे, पुस्तक उघडून समजावलं आहे. बरोबरच आहे ते. पण लग्न झाल्यापासून रोज सकाळच्या प्रार्थनेत मी सिंधूचं नाव घेत आलो. तिचा खोकला, तिचे गुडघे, तिची भाजणी चांगली उतरू दे, काहीही. आता नाव ओठावर येतं आणि गिळावं लागतं. तिच्यासाठी मागायचं नाही म्हणजे तिच्याबद्दल देवाशी बोलायचंच नाही. मग बोलायचं कशाबद्दल? मी टँकरसाठी प्रार्थना करतो.

दोन नोव्हेंबरला तुमचा मेलेल्यांचा दिवस. त्या दिवशी सिंधूच्या कबरीवर कुणी काही करू नये, यासाठी मंडळीनं मला पहारा ठेवायला पाठवलं. मी छत्री घेऊन गेलो (पाऊस नव्हता, पण हातात काहीतरी पाहिजे). दिवस मावळताना तुमचे लोक आले, प्रत्येक कबरीवर झेंडू आणि मेणबत्ती. गौरम्मा सरळ सिंधूपाशी येऊन बसली. मी म्हणालो, बाई, ही आमच्यातली आहे, इथं चालायचं नाही. ती काडी ओढत म्हणाली, "मास्तर, समद्याच्या डोक्याशी उजेड हाय. ही एकलीच अंधारात पडू दे का? तुमाला पटत नसंल तर तिकडं तोंड करा." मी तिकडं तोंड केलं. तिकडं आमची बाजू होती. तिथं एकही दिवा नव्हता, एकही माणूस नव्हता, नुसता मुरूम आणि बाभळीची झुडपं. माझे वडील आहेत तिथं, जुन्या जागेवरून आणलेले. त्यांच्यापाशी मी शेवटचा कधी गेलो होतो ते मला आठवेना. शिकवणीप्रमाणं जायचं कारणही नव्हतं.

मंडळीला मी अहवाल दिला की पहाऱ्याला कुणी जुमानलं नाही. त्यावर सगळे भडकले आणि कबर हलवायचा ठराव एकमतानं झाला. एकमतात माझंही मत होतं. सेक्रेटरीनंच हात वर केला नाही तर मंडळी फुटेल, आणि आमची मंडळी आधीच एवढी मोठी नाही. नाताळ झाला की सरकारी परवानगीचा अर्ज जाईल, त्यावर नवरा म्हणून सही मी करणार आहे. आमची शिकवण खरी आहे, तुमची चुकीची आहे, याबद्दल माझ्या मनात अजूनही शंका नाही. तुम्ही तो पंथ धरलात याचं वाईट वाटतं ते वाटतंच. वहिनींना सलाम, आणि तुमच्या घरावर प्रभूची दया असो.

तुमचा,
शेषेराव

ता. क. अर्ज गेला की हरकती मागवतात. बायकोचा सख्खा भाऊ हरकत घेऊ शकतो, मी चौकशी केली आहे. तुम्ही हरकत घ्या. मंडळीसाठी मी तुमचा निषेध करीन, कडक शब्दांत करीन, तो मनावर घेऊ नका आणि हरकत मागे घेऊ नका. तिला हलवू देऊ नका, व्यंकटराव. त्या जमिनीत टिकाव कशी लागते ते मी बघितलं आहे.

आणखी ता. क. हरकतीत माझ्याबद्दल वाटेल ते लिहा. हटवादी म्हणा, दगड म्हणा. मी सुचवलं एवढं मात्र कुठं येऊ देऊ नका.

आणखी एक. त्या संध्याकाळी गौरम्मा सिंधूचं नाव घेऊन काहीतरी म्हणाली. दोनच ओळी होत्या. मी तोंड फिरवून उभा होतो, त्यामुळे नाव तेवढं ऐकू आलं, पुढचं आलं नाही. मेलेल्या माणसासाठी तुमच्यात काय म्हणतात ते पूर्ण लिहून पाठवा. मी ते म्हणणार नाही. फक्त त्यात नाव कुठं घ्यायचं, तेवढी जागा मोकळी सोडा.