पंच्याऐंशी नंबरचा माळ

१२ नोव्हेंबर
आमदारसाहेबांच्या पीएचा फोन. प्रश्न स्वीकारला. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तारांकित म्हणून लागणार. तीनदा विचारलं, नक्की ना? तो वैतागला, "आप्पा, यादीत नंबर आलाय, आणखी काय पाहिजे?" मसुदा संपूर्ण माझा. "गट क्र. ८५ मधील गायरानात परवानगीपेक्षा जास्त क्षेत्रावर खडी क्रशर चालविण्यात येत आहे, हे खरे आहे काय, असल्यास..." वगैरे. एकटाकी लिहिला. पीए म्हणत होता कोणाला तरी दाखवून घ्या. बत्तीस वर्षं तलाठी होतो, दाखवू कोणाला?
आनंद झाला तर तो सांगायला घरात कोणी नाही. सुमन पूर्णेला, लेकीच्या बाळंतपणासाठी. फोनवर म्हणाली, "बरं झालं. जेवलात का?"
नव्हतो जेवलो. हो म्हणालो.

१५ नोव्हें.
सकाळी चहाच्या हॉटेलात. मी आत शिरलो की बोलणं थांबतं, हे आता नेहमीचंच. गावातले ट्रॅक्टर क्रशरवर, पोरं क्रशरवर, देवळाच्या सभामंडपाचा स्लॅबही क्रशरवाल्यानेच टाकून दिला. त्यांचंही खोटं नाही. कोणी भांडायला येत नाही, तेच जास्त लागतं. "राम राम आप्पा" म्हणतात आणि कपात बघतात.
क्रशरविरुद्ध दिलेल्या निवेदनावर माझ्याशिवाय सही एकाचीच, मुंजाजीची. ओढ्याकडे सहा एकर रान, दहा-बारा शेरडं. सही करताना म्हणाला होता, "तुमी म्हणायलाव तर करतो. कागदातलं मला काय कळतंय." गावात माझ्याकडे येऊन बसणारा तो एकटाच.

१९ नोव्हें.
दु. दोनला सुरुंग. फडताळातल्या कपबश्या वाजल्या.
ऊन उतरल्यावर क्रशरच्या टेकडीवर जाऊन आलो. उत्तरेची बाजू पांढरी पडलीय, झाडपाल्यावर धूळ. दक्षिणेला अजून बोरी, हिवर, कुसळी. दोन तितर उडाले. पूर्वी मोजणीला आलो की साखळी ठेवून इथेच डबा खायचो. चारठाण्याची देवळं बघायला लांबून माणसं येतात, या टेकडीत बघण्यासारखं काही नाही. मला ती आवडते. निवेदनात हे लिहिता येत नाही म्हणून पाणी, गायरान, धूळ असं सगळं लिहिलं. तेही खरंच आहे. पायथ्याच्या विहिरीचं पाणी यंदा दिवाळीतच खाली गेलं.

२५ नोव्हें.
आज काय वाटलं ते लिहून ठेवतो, नंतर लाज वाटली तरी. सरकारी जीप आली. मंडळ अधिकारी, नवा तलाठी, कोतवाल. विधानसभेत प्रश्न लागला की तहसीलला माहिती पाठवावी लागते, त्यासाठीचा पंचनामा. मी इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसलो. बोलावतील, आप्पा जरा हद्द दाखवा म्हणतील. जीप दारासमोरून ओढ्याकडे गेली. टेकडी उलट्या अंगाला. मनात म्हटलं, नवी पोरं, रस्ता चुकली. हसलोसुद्धा.
दिवेलागणीला मुंजाजी आला. घाबरलेला. "आप्पा, साहेब लोक माझ्या रानात आल्ते. क्रशर कुठं हाय म्हणून मलाच इचारायलेत! म्या म्हणलं, ते तिकडं टेकडीला. तर म्हणतेत, आमाला हाच लंबर दिलाय. हरबरा बघितला. मुरमाचा खड्डा बघितला, त्याचे फोटू काढले, अन् सही घेतली."
"ऑफिसचा घोळ असेल. बघतो मी."

२६ नोव्हें.
ऑफिसचा घोळ नाही.
गावनकाशा, जुना फाळणी-नकाशा, प्रश्नाची प्रत, सगळं खाटेवर पसरलं. टेकडी निजामाच्या काळातल्या मोजणीत सर्वे नंबर ८५. गाव अजून तिला 'पंच्याऐंशी नंबरचा माळ' म्हणतं. मीही तेच म्हणतो. गटवारी झाली तेव्हा नंबर बदलले, टेकडी झाली गट २१२. आणि गट ८५ म्हणजे मुंजाजीचं रान. मसुदा लिहिताना मी तोंडातला नंबर लिहिला आणि त्याच्या मागे 'गट' लावलं. मी! दुसऱ्या कोणी केलं असतं तर आठवडाभर त्याची टिंगल केली असती. गट ८५ च्या सातबाऱ्यावर दहा वर्षं पीकपाहणी मीच भरली होती.
मुंजाजीला सांगायला हवं. आज गेलो नाही.

१ डिसेंबर
मुंजाजीला नोटीस. विनापरवाना मुरूम काढला, सात दिवसांत खुलासा द्या. खड्डा दोन वर्षांपूर्वीचा, मुरूम घराच्या जोत्यात घातलेला. एवढा मोठा डोंगर पोखरला जातोय, आणि नोटीस आली ती याला.
खुलासा लिहून घ्यायला माझ्याकडेच आला. येताना तुरीच्या शेंगा घेऊन. मी चांगला दीड पानी खुलासा लिहिला. तो म्हणाला, "हे हापिसवाले आंधळे असतेत का वो आप्पा?"
"असतात कधी कधी," म्हणालो.
शेंगा उकडल्या. दोनच खाल्ल्या गेल्या.

७ डिसें. पूर्णा
नागपूरला निघालो. वाटेत लेकीकडे. नातू माझ्यावर गेला म्हणतात. बिचारा.
सुमनला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग एकच, "मुंजाजीभावजींना सांगितलं?"
"नाही."
"मग नागपूरला काय निघालात? आधी त्यांच्याकडं जायाचं सोडून."
तिचं बरोबर. तरी निघालो. नंबर दुरुस्त करून आलो तर सांगणं सोपं जाईल, असं मनात होतं. दुपारची अकोला गाडी, तिथून पुढे.

८ डिसें. नागपूर
पीए भेटला, उभ्या उभ्या. "यादी छापून झाली, उत्तर येऊन पडलंय. आता गट नंबर कसा बदलणार? आणि आप्पा, तुम्हीच लिहून दिलं होतं ना?"
हो.
"मार्चमध्ये अर्थसंकल्पी अधिवेशन आहे मुंबईला. नव्याने द्या. या वेळी दाखवून घ्या कोणाला तरी."
रस्त्यावर मोर्चेच मोर्चे. झेंडे, टोप्या, भाकरी वाटून खाणारे लोक. प्रत्येक जण कोणा ना कोणाबरोबर. माझ्याकडे कापडी पिशवीत नकाशाची गुंडाळी. एका मोर्चातल्या बाईने विचारलं, "तुमचे लोक कुठे आहेत काका?" मागून येतायत म्हणालो.

१० डिसें.
पास मिळाला. प्रेक्षक गॅलरीत बसलो. चौथ्या प्रश्नावरच गोंधळ, तास संपला. आपला नंबर बराच खाली होता. अशा प्रश्नांची उत्तरं छापील देतात. पीएने पुस्तिका दिली, पान दुमडून.
(१) हे खरे नाही. गट क्र. ८५ खाजगी मालकीचा असून तेथे खडी क्रशर आढळून आला नाही. किरकोळ मुरूम उत्खनन आढळल्याने संबंधितास नोटीस देण्यात आली आहे.
(२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.
एक अक्षर चुकीचं नाही. मीही नोकरीत असंच उत्तर लिहिलं असतं. बाहेर येऊन झाडाखाली बसलो. संत्री घेतली, सोलायचं मन होईना. रडू आलं. या वयात, अनोळखी गावात, फुटपाथवर. कोणी बघितलं नाही, ते बरंही वाटलं आणि वाईटही.

१२ डिसें.
पहाटे उतरलो. घरी पिशवी टाकली आणि सरळ मुंजाजीच्या रानातल्या आखाड्यावर. उभ्यानेच सांगितलं. नंबर मी चुकवला, ऑफिसने नाही. मला पंधरा दिवस माहीत होतं.
तो शेरडाच्या पायातला काटा काढत होता. काढून झाल्यावर म्हणाला, "आमचे लंबर आमाला कवा पाठ नव्हते आप्पा. लागतंच कशाला? तुमी हाव, असं वाटायचं."
शेरडू सोडून देऊन म्हणाला, "म्या सही केल्ती तवा भाऊकीत भांडण घेतलं. ते म्हणायलेत, आप्पानं तुलाच पकडून दिलं. काय सांगू त्यान्ला?"
खरं सांग, म्हणालो.
"लय सोपं हाय तुमाला," म्हणाला आणि शेरडं घेऊन गेला.

१७ डिसें.
आज दिवसभरात एवढंच बोललो: दूधवाल्याला, "उद्या नको." मुंजाजी हॉटेलात दिसला, त्यांच्यात बसलेला. मला पाहून हात वर केला नाही. कपात पाहिलं.
दोनला सुरुंग. साडेतीनला पुन्हा. आता दिवसाला दोन.

२१ डिसें.
तहसीलला जाऊन आलो, जिंतूर. चूक माझी होती असा लेखी जबाब दिला, मुंजाजीची नोटीस रद्द करावी म्हणून. बाबू म्हणाला, "आप्पा, तुम्ही? तुमच्या हातचे फेरफार आम्ही नमुना म्हणून दाखवतो नव्या लोकांना." अर्ज घेतला. पोच दिली. पुढे काय ते सांगितलं नाही.
येताना एसटीत चारठाण्यापर्यंत उभं. सुमनचा फोन, अजून महिनाभर राहीन म्हणते. राहा म्हणालो. माझा आवाज असा का येतोय, असं विचारलं तिने.

२६ डिसें.
नवा मसुदा केला. गट क्र. २१२. चारदा नकाशाशी ताडून पाहिला, तरी हाताचा भरवसा वाटेना. कोणाला तरी दाखवायला हवा. कोणाला, यावर सकाळ गेली. शेवटी ओढ्याकडे गेलो.
मुंजाजी हरभऱ्याला पाणी देत होता. कागद पुढे केला. "एवढा नंबर बघ. आधी तुझ्या सातबाऱ्याचा, मग हा." म्हणालो, तू नाही म्हणालास तर पाठवत नाही.
हात पुसले, बोट ठेवून एकेक शब्द वाचला. चौथीपर्यंत शिकलाय, वेळ लागला.
"लंबर बरुबर हाय." मग बोट खाली आणलं. "हितं लिवलंय, टेकडी निम्मी कापली. हे मुंबईला कवा इचारणार?"
"मार्चमध्ये."
त्याने टेकडीकडे बघितलं. इथून तिची कापलेली बाजूच दिसते. "मंग तवर निम्मी ऱ्हाती व्हय?"
खिशातलं पेन काढून 'निम्मी' खोडलं. त्या जागी काय लिहावं ते ठरेना. मुंजाजी पुढचा वाफा फोडायला गेला. बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी धुऱ्याच्या बांधावर कागद मांडीवर घेऊन बसलो, पाणी पायाशी येईपर्यंत. जागा अजून कोरीच आहे.