कोंबड्याचा घास

जैनथ, ६ जुलै २०२४

तीर्थस्वरूप सुरेंद्रदादास,
रंजीताचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की सासूबाई कान देतात, म्हणून पत्र. खुडूक कोंबडीखालची सगळी अंडी पुन्हा फोल गेली. सासूबाईंनी जुन्या कोंबड्या वांझ म्हणून विकल्या, नव्या आणल्या. कोंबडा मात्र तोच, तुरा मिरवत फिरतोय.

आमच्या घराची रीतच ही. लग्नाला सहा वर्षं झाली, माझ्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, तरी दवाखान्यात पुन्हा मीच जायचं. यांना एकदा तपासून या म्हटलं की ताट सरकवून उठतात. वैतागले रे! तू जनावरांच्या दवाखान्यात आहेस, निदान कोंबड्याचं तरी काही सांग.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी रंजीता

आदिलाबाद, १५ जुलै

चि. सौ. रंजीतास अ. उ. आ.

दोष कोंबड्यात असू शकतो. नुसत्या जुन्या भरड्यावर राहिला की ई जीवनसत्त्व कमी पडतं, बीज दुबळं होतं. पावडर पाठवतोय, दाण्यात कालवून दे. गुण यायला काही आठवडे लागतील. जीवनरावांशी मी बोलू का?

तुझा दादा

जैनथ, २० ऑगस्ट

ती. दादास सा. न.

पावडर संपली, अंडी पुन्हा फोल! सासूबाई म्हणतात, कोंबड्याले औषध देनारा डाक्टर आपन पाह्यलाच नाही. चिडून मी आज खुराड्यापुढेच बसले. मेला दाणा चोचीत उचलतो, कुक्‌कुक् करून कोंबड्यांना बोलावतो, त्यांच्यापुढे टाकतो आणि स्वतः ऐटीत उभा! आजार रेड्याला अन् औषध पखालीला. उद्यापासून त्याला टोपलीखाली एकटा कोंडून चारते. पावडर पुन्हा पाठव. यांच्याशी तू बोलू नकोस, मीच बोलते.

रागावले तरी तुझीच,
रंजीता

जैनथ, ४ ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

पिल्लं निघाली! मला रडूच आलं. सासूबाई पिल्लं ओंजळीत घेऊन म्हणाल्या, बिचाऱ्या कोंबड्या उगाच इकल्या. मी तिथेच विचारलं, मग मलाच का पुन्हा दवाखान्यात धाडता? त्यांनी ओंजळीतली पिल्लं हळूच कोंबडीखाली सोडली.

जेवताना त्यांनी यांना सांगितलं, सोमवारी आदिलाबादले तू जाय, रंजीता घरीच राह्यते. हे नेहमीसारखे ताट सरकवून उठले. सासूबाईंनी समजूत काढली नाही. ताट उचलून आत नेलं आणि म्हणाल्या, तपासून आला का मंग वाढतो.

सोमवारी सकाळच्या बसला यांना घ्यायला स्टँडवर उभा राहा. यांना काही बोलू नकोस. तपासणी झाली की आधी पोटभर जेवू घाल.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
रंजीता