काडी कोणी मोडायची?

मु. करंजपाडा, ता. सुरगाणा
दि. ९ ऑक्टोबर २००३

चि. तृप्तीस तानुआजीचे पोटभर आशीर्वाद.

तुला एक आजी आहे. सुरगाण्याकडे राहते, रंगाने काळी, तोंडाने वाईट. आठवलं का? पंचवटीच्या होस्टेलात बसून कायद्याची एवढी कलमं पाठ करतेस, त्यात आजी बसत नसेल तर वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेव. मला लिहिता येत नाय, पण मी विसरत तरी नाय.

मी सांगते आणि तुझी चुलतबहीण ललिता लिहिते. अक्षर वाकडं आलं तर हसू नको. गोरक्षने, तिच्या नवऱ्याने, मनगट मुरगाळलं तिचं. तीन महिने झाले, माझ्याकडेच आहे. त्याने दुसरी बायको आणली, ती पोटुशी आहे, म्हणून दिवाळीनंतर द्राक्षबागेच्या कामाला हिलाच ओढून न्यायचं म्हणतो. पंचांसमोर गवताची काडी मोडली की आपल्यात नवरा-बायको मोकळे. पण तो काडीच मोडत नाय.

बहिरू पाटलाने पंचांची वही उघडून वाचलं की काडी नवऱ्यानेच मोडायची, आणि बाईने पंचांच्या रिंगणात बसायचं नाय. वही आठ वर्षांची, मी सत्तरची. पुढल्या रविवारी मी रिंगणात बसणार. तुझा कायदा काय म्हणतो ते कळव.

तुझी आजी
(अंगठा)

पंचवटी, नाशिक
दि. १३ ऑक्टोबर २००३

ती. आजीस तृप्तीचा सा. नमस्कार.

विसरले नव्हते गं, परीक्षा होती. आमच्या सरांना विचारलं. कोर्ट आपल्या लोकांची रीत मानतं, पण ती रीत खरंच तशी होती हे सिद्ध करावं लागतं, आणि त्यात वर्षं जातात. तोवर ललिताने काय करायचं, असं विचारल्यावर सर गप्प बसले.

खरं तर तू रिंगणात बसू नकोस, हे सांगायलाच पत्र लिहायला घेतलं होतं. पंचांचं ऐकलं नाही म्हणून पुंजाकाकाच्या घराला वाळीत टाकलं तेव्हा कोणी विस्तवसुद्धा दिला नव्हता. पण तू ऐकणार नाहीस. मग एवढं तरी कर. वहीतलं हे कोणी सांगितलं, ते विचार. उलटतपासणीत आधी तेच विचारतात.

ललिताच्या हाताला जप. माया आटू देऊ नकोस.

तुझी तृप्ती

मु. करंजपाडा
दि. २० ऑक्टोबर २००३

चि. तृप्तीस आशीर्वाद. थोडे तुझ्या सरांनाही दे, खोटं न बोलता गप्प बसले म्हणून.

मी रिंगणात बसले. पंच म्हणाले ऊठ. मी म्हटलं गुडघे धरलेत, उठवायचं तर चौघे मिळून उचला. कोणी हात लावला नाय. मग तुझा प्रश्न टाकला. बहिरू म्हणाला, जुन्या माणसांनी सांगितलं. मी म्हटलं, गावात जुनं माणूस मी एकटी उरले, आणि मला तर कोणी विचारलं नाय.

मग मी बोलले. बहिरूची आई भिवरा पहिल्या नवऱ्याचा मार खाऊन निघाली, तेव्हा तो पंचांपुढे आलाच नव्हता. भिवराने याच अंगणात आपल्या हाताने काडी मोडली. ती काडी तिला माझ्या सासूने दिली होती. सासू तेव्हा पंचांत बसायची. पुढे बहिरूच्या बापाने भिवराला घरात घेतलं. मी बहिरूला एवढंच विचारलं की बाईने मोडलेली काडी खोटी, तर तुझ्या आईचं दुसरं लग्नही खोटं. मग तू कोणाच्या नावावर पाटील झालास रे?

बहिरूने वही मिटली, उठून छपराची काडी उपसली आणि ललिताच्या हातात दिली. मनगट अजून वळत नाय तिचं. तिने काडी दातात धरली आणि मोडली. गोरक्ष शिव्या घालत गेला.

बहिरू माझ्याशी बोलत नाय. बोलेल. वहीतलं ते पान त्याने फाडलेलं नाय, म्हणून मीही घरी बसणार नाय. दर बैठकीला रिंगणात असणार.

आमच्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नको.

तुझी आजी
(अंगठा)

ता. क. हे लिहिता लिहिता ललिताने आपणहून जेवायला मागितलं, तीन महिन्यांत पहिल्यांदा. एसटीच्या कंडक्टरकडे तिच्यासाठी खायला दे. गोड धाडू नको. लग्नात गोडच खाल्लं होतं, त्याचं काय झालं ते बघितलंस. सुकट धाड, वाळू नसलेली, निवडून घे.